सख्याची पारख : रीव्होच्या मठाधिपतीचें एक जुनें पुस्तक

१

गीतेच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन श्रीकृष्णाची क्षमा मागतो. ती कशाबद्दल मागतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यानें आज्ञाभंग केलेला नव्हता, कीं विश्वासघात केलेला नव्हता. बसतां उठतां, जेवतां खेळतां आपण ह्याला गडी समजून हाक मारली, ह्याची थट्टा केली, एवढाच त्याचा अपराध. आणि त्याच्या आठवणीनें तो थरथर कांपतो. दुसऱ्या अध्यायांत ज्यानें शिष्यत्व पत्करिलें, चवथ्या अध्यायांत ज्याला प्रत्यक्ष श्रीकृष्णानें भक्त आणि सखा अशीं दोन्ही नांवें दिलीं, त्याच अर्जुनाला ह्या क्षणीं तीं दोन नांवें एकत्र नांदणें अशक्य वाटूं लागतें. क्षमा मागतांनाही तो मित्र मित्राचें सोसतो तसें सोसावें अशीच विनवणी करितो, हें खरें. पण त्याचें भय कांहीं लपत नाहीं. ह्या प्रसंगांतून जो प्रश्न निघतो, तो अर्जुनाच्या क्षमायाचनेनें सुटत नाहीं. शिष्यानें गुरूचा मित्र व्हावें काय? आणि तो झाल्यास शिष्यत्व उरतें काय?

ख्रिस्ती परंपरेंत हाच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत, पकडला जाण्यापूर्वीच्या रात्रीं, येशू आपल्या शिष्यांचा दासपणा काढून घेतो आणि त्यांना मित्राचा दर्जा देतो. कारण धन्याच्या मनांत काय आहे हें दासाला ठाऊक नसतें, आणि ह्यांच्यापासून तर कांहींच लपवून ठेविलेलें नाहीं. इकडे शिष्य मित्रपणाबद्दल क्षमा मागतो. तिकडे गुरु आपण होऊन मित्रपण देऊं करितो. परंतु देऊं केलेलें मित्रपण पेलणें सोपें नाहीं, हें त्याच रात्रीं दिसून आलें. बारांपैकीं एकानें दगा दिला, दुसऱ्यानें ओळखच नाकारली, आणि बाकीचे पळून गेले.

ह्या देणगीचा स्वीकार कसा करावा, एकत्र राहून साधना करणाऱ्या माणसांनीं एकमेकांचे मित्र व्हावें किंवा नाहीं, आणि व्हावें तर कोणत्या अटीवर, ह्याचा विचार करणारें एक छोटेसें पुस्तक बाराव्या शतकांत इंग्लंडच्या उत्तर भागांतील एका मठांत लिहिलें गेलें. रीव्हो मठाचा अधिपति एल्रेड ह्याचा हा ग्रंथ लॅटिन भाषेंत असून त्याच्या नांवाचा अर्थ 'आध्यात्मिक सख्याविषयीं' असा होईल. मेरी यूजीनिया लेकर ह्यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १९७४ सालीं प्रसिद्ध झालें, त्यामुळें लॅटिन न जाणणाऱ्या वाचकांसही तो आतां दुर्मिळ राहिलेला नाहीं. आपल्याकडे मैत्रीवरील सुभाषितांना तोटा नाहीं. पण मैत्रीची तत्त्वें आणि मैत्रीच्या अडचणी ह्या दोहोंचाही हिशेब एकाच ठिकाणीं मांडणारीं पुस्तकें कोठेंही थोडींच असतात. म्हणून ह्या ग्रंथाचा परिचय करून देऊन त्याचें मोल ठरविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

२

ग्रंथाआधीं ग्रंथकाराची थोडी ओळख हवी. एल्रेडचा जन्म इ. स. १११० च्या सुमारास हेक्सॅम येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तारुण्य स्कॉटलंडचा राजा डेव्हिड ह्याच्या दरबारीं गेलें. राजाची मर्जी होती, कारभाराचा अधिकार होता, सोबती पुष्कळ होते. असा हा दरबारी तरुण ११३४ सालीं कामानिमित्त यॉर्कशायरांत आला असतां, दोनच वर्षांपूर्वीं स्थापन झालेला रीव्होचा मठ पाहावयास गेला. त्याचा शिष्य वॉल्टर डॅनिअल ह्यानें लिहिलेल्या चरित्रांत पुढची हकीकत आहे. दुसऱ्या दिवशीं परत जातांना टेकडीच्या कडेवरून खालीं मठ दिसला. तेव्हां एल्रेडनें आपल्या नोकरास विचारिलें, कीं पुन्हां एकदां खालीं उतरून जावें असें तुला वाटतें काय? नोकर हो म्हणाला. तो नाहीं म्हणाला असता तर आपण त्या दिवशीं उतरलों नसतों, असें एल्रेड पुढें सांगत असे. आयुष्याचा निर्णय नोकराच्या तोंडून ऐकण्याची ही तऱ्हा विक्षिप्त वाटेल. पण पुढें ज्याला मैत्रीवर ग्रंथ लिहावयाचा होता त्याला ती शोभून दिसते.

सिस्टर्शियन पंथाचें जीवन कडक होतें. मौन, हातांचें काम, साधें अन्न, रात्रींची प्रार्थना. अशा ठिकाणीं मैत्रीला जागा ती कोठें? आणि नेमकी हीच शंका त्या काळीं सर्वत्र होती. दोघांची विशेष मैत्री जुळली, कीं तिसऱ्याला पोटशूळ उठतो, तट पडतात, मठाची एकी जाते, असा अनुभव सांगणारे पुष्कळ होते. ही शंका पुढेंही गेली नाहीं. विशेष मैत्री टाळावी, ही शिकवण अनेक ख्रिस्ती मठांतून आणि धर्मशाळांतून थेट विसाव्या शतकापर्यंत दिली जात असे. तेव्हां एल्रेडनें हा विषय घेतला, तो निर्वेध प्रदेशांतला नव्हता. ११४७ सालीं तो रीव्होचा अधिपति झाला आणि १२ जानेवारी ११६७ रोजीं वारला तोंपर्यंत त्या पदावर होता. त्याच्या मृत्यूच्या वेळीं मठांत १४० संन्यासी आणि ५०० श्रमिक बंधु व इतर माणसें होतीं, असें वॉल्टर डॅनिअल सांगतो. एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या कर्त्यानें मैत्रीची तरफदारी करावी, ह्यांत धोका होता. आणि तो धोका एल्रेडला कळत होता, हें ग्रंथांत ठिकठिकाणीं दिसतें.

३

ग्रंथाचे तीन भाग आहेत, आणि तिन्ही संवादरूप आहेत. प्रस्तावनेंत एल्रेड सांगतो, कीं शाळकरी वयांत आपल्याला प्रेम करणें आणि करून घेणें ह्यापलीकडे कांहीं सुचत नव्हतें. चंचल मन ह्या मित्राकडून त्या मित्राकडे ओढलें जाई. अशा वेळीं सिसेरोचें मैत्रीवरील पुस्तक हातीं आलें. इ. स. पूर्वीं ४४ मध्यें लिहिलेल्या त्या पुस्तकानें त्याला मैत्रीचा एक नियम दाखविला. परंतु मठांत आल्यावर त्याच सिसेरोची गोडी उतरली. कारण त्यांत येशूचें नांव नव्हतें. ऑगस्टिननें आपल्या आत्मकथनांत सिसेरोच्या दुसऱ्या एका पुस्तकाविषयीं अगदीं हीच कबुली दिलेली आहे, हें जाणकारांच्या ध्यानांत येईल. एल्रेडनें तो धागा उघडपणें उचलला आहे. पण त्यानें सिसेरोला फेंकून मात्र दिलें नाहीं. त्याची व्याख्या घेतली, त्याचे दाखले घेतले आणि त्यांच्यावर नवें घर बांधलें. जुन्या वाड्याचे चिरे नव्या देवळाला लावावेत तसा हा प्रकार आहे; आणि चिरे कोणाचे हें लपविण्याची खटपट त्यानें केलेली नाहीं.

पहिल्या भागांत एल्रेड आणि इव्हो नांवाचा एक तरुण संन्यासी असे दोघेच आहेत. थोड्या वेळापूर्वीं इतर बंधूंच्या घोळक्यांत इव्हो गप्प बसून होता, बोलावें असें मनांत असून बोलत नव्हता; तें एल्रेडच्या नजरेंतून सुटलें नाहीं. आतां एकांत मिळतांच तो त्याला मोकळेपणानें बोलावयास सांगतो, आणि आपण दोघे आहोंत तेथें तिसरा ख्रिस्त आहे अशी आशा व्यक्त करितो. साऱ्या ग्रंथाचा सिद्धान्त ह्या प्रारंभींच आलेला आहे. दोन माणसांची मैत्री दोघांतच कोंडली तर ती कुजते. तिच्यांत तिसऱ्याला जागा असेल तरच ती वाढते. आपल्या नवविधा भक्तींत सख्य हें आठवें आणि त्याच्यापुढें आत्मनिवेदन एवढेंच उरतें. पण तें सख्य भक्ताचें देवाशीं असतें. दासबोधाच्या चवथ्या दशकांत समर्थांनीं वर्णिलेलें सख्यही तेंच. एल्रेडचें सख्य माणसाचें माणसाशीं आहे, आणि देव त्यांत साक्षी म्हणून, दुवा म्हणून, आणि अखेर मुक्काम म्हणून येतो. हा भेद लहान नाहीं. देव आपल्यावर रुसला तरी दगा देत नाहीं, माणूस देतो. म्हणून एल्रेडच्या वाटेवर परीक्षा अधिक आहेत.

पुढें एल्रेड मैत्रीचे तीन प्रकार करितो: विषयसुखासाठीं जमलेली, लाभासाठीं जमलेली, आणि सद्गुणांच्या साम्यामुळें जमलेली. हे प्रकार कांहीं नवे नाहींत. नवें आहे तें प्रीति आणि मैत्री ह्यांतील अंतर. प्रीति सर्वांवर करावयाची, शत्रूवरसुद्धां, अशी धर्माची आज्ञा आहे. पण मैत्री म्हणजे आपलें अंतःकरण ज्याच्या स्वाधीन निर्भयपणें करतां येईल अशाशीं असलेला संबंध. तेव्हां सर्वांवर प्रेम करणारा सर्वांचा मित्र असेलच असें नाहीं. आदिमानव पतित झाला नसता तर हीं दोन एकच राहिलीं असतीं, असें एल्रेड मानतो. तसेंच, पहिली स्त्री पुरुषाच्या कुशींतून निर्माण झाली, ह्यांत कोणी वरचा नाहीं आणि कोणी खालचा नाहीं अशी समता त्याला दिसते, आणि तीच मैत्रीची खूण असें तो म्हणतो. मठाधिपतीच्या तोंडीं हें वाक्य आलें, ह्याचें महत्त्व मोठें. ज्याच्या आज्ञेंत शेंकडों माणसें वागावयाची, तोच म्हणतो कीं मैत्रींत उच्चनीच नाहीं.

देव म्हणजे प्रीति असें योहान म्हणतो, तर देव म्हणजे मैत्री असें म्हणावें काय, असा प्रश्न इव्हो टाकतो. येथें एल्रेडचा तोल पाहण्यासारखा आहे. हें बोलणें रूढ नाहीं, त्याला शास्त्राचा आधार नाहीं, असें तो प्रथम सांगतो; पण मैत्रींत जो राहतो तो देवांत राहतो एवढें म्हणावयास तो कचरत नाहीं. एखादा उथळ लेखक त्या सुंदर वाक्यावर झडप घालता. एल्रेड शिष्याच्या उत्साहाला आवर घालतो आणि तरीही त्याचा हात सोडीत नाहीं. गुरु आणि मित्र हीं दोन्ही नातीं ह्या एका उत्तरांत सामावलेलीं आहेत.

४

पहिल्या आणि दुसऱ्या भागांत बऱ्याच वर्षांचें अंतर आहे. दुसरा भाग उघडतो तेव्हां इव्हो मरण पावलेला आहे. त्याच्याशीं झालेलें संभाषण ज्या पानांवर टिपलें होतें तीं पानें हरवलीं होतीं. तीं नुकतींच सांपडलीं आहेत, आणि वॉल्टर तीं मागतो आहे. इव्होची आठवण एल्रेडच्या मनांत इतकी ताजी आहे, कीं तो कधीं गेलाच नाहीं असें त्याला वाटतें. ग्रंथरचनेच्या दृष्टीनें ही गोष्ट साधी आहे. पण मैत्रीवरचा ग्रंथ एका मित्राच्या मृत्यूनें दुभंगावा आणि हरवलेल्या पानांनीं पुन्हां सांधला जावा, ह्याहून त्याच्या विषयाला अनुरूप काय असूं शकेल?

दुसऱ्या भागाचा आरंभ मोठा गंमतीचा आहे. एल्रेड बाहेरच्या कांहीं व्यावहारिक लोकांशीं बोलण्यांत गुंतलेला असतां वॉल्टर बाजूला बसून चुळबुळ करीत होता; त्याची ती धुसफूस एल्रेडनें पाहिली होती, आणि तो त्यावरून त्याला चिडवितो. वॉल्टरही उत्तर देण्यांत कमी नाहीं. पुढें ग्रेशियन येतो, आणि तिघांचें संभाषण रंगतें. वॉल्टर हा चिकित्सक, शंकेखोर. ग्रेशियन हा मऊ, प्रेमाचा भुकेला. मैत्रीपायीं माणूस काळजींत पडतो, त्यापेक्षां ती नसलेली बरी, असा आक्षेप वॉल्टर घेतो. आणि कोणाची काळजी नाहीं, कोणाचें सुखदुःख नाहीं असें जिणें माणसाचें नव्हे, असें एल्रेड खडसावून सांगतो.

तिसरा भाग सर्वांत मोठा आणि सर्वांत व्यवहारी आहे. मैत्रीच्या चार पायऱ्या येथें सांगितल्या आहेत: निवड, पारख, स्वीकार, आणि शेवटीं एकचित्तता. निवडींत कोणाला वगळावें ह्याची यादी आहे: रागीट, चंचल, संशयी, वाचाळ. पारख चार गोष्टींची करावयाची: निष्ठा, हेतु, विवेक आणि सहनशीलता. ह्या याद्या वाचतांना आपल्या नीतिग्रंथांची आठवण होते. आणि ग्रंथ एवढ्यावरच थांबला असता तर तो एक चांगला नीतिपाठ ठरला असता, अधिक कांहीं नाहीं.

पण शिष्य त्याला थांबूं देत नाहींत. रागीट माणसाला मित्र करूं नये असें गुरूनें सांगतांच ते म्हणतात, कीं आपला अमुक मित्र तर चांगलाच तापट आहे, आणि आपण त्याच्यापुढें किती वेळां नमतें घेतां हें आम्हीं पाहिलें आहे! एल्रेड ह्यावर रागावत नाहीं, कीं विषय बदलीत नाहीं. ज्याला एकदां मित्र म्हणून स्वीकारिलें त्याचें सोसणें हें आपलें कर्तव्य आहे. त्यानें विश्वास कधीं मोडलेला नाहीं. आणि दोघांपैकीं ज्याला आवरतां येतें त्यानें आवरावें, अशा आशयाचें समर्थन तो करितो. शिष्यांचें पूर्ण समाधान होत नाहीं, आणि एल्रेडनें ग्रंथांत तें झाल्याचें दाखविलेलेंही नाहीं. आमच्या मतें साऱ्या पुस्तकाचा प्राण ह्या पानांत आहे. तत्त्व सांगणारा गुरु स्वतः त्या तत्त्वाला अपवाद आहे, हें शिष्य तोंडावर सांगतात, आणि गुरु तें लिहून ठेवतो. योहानाच्या शुभवर्तमानांतील तें दान ह्याहून खरेपणानें क्वचितच कोणी घेतलें असेल. दास धन्याचे दोष पाहतो, पण मागें बोलतो. मित्र ते पाहतो आणि समोर बोलतो. शिष्याचा मित्र झाला कीं नाहीं, हें ओळखण्याची ह्याहून चांगली कसोटी आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

मैत्री तोडण्याचा प्रसंग आलाच तर कसें करावें, हेंही एल्रेड सांगतो. निंदा, अपमान, गर्व, गुपित फोडणें, कपटानें घाव घालणें, हीं तिचीं मरणें. तरीसुद्धां कापड फाडावें तशी ती तोडूं नये. शिवण हळूहळू उसवावी तशी ती उसवावी, हा सिसेरोचा विचार तो स्वीकारितो आणि त्यांत आपली भर घालतो: मैत्री संपली तरी प्रीति संपत नाहीं. ज्याला गुपित सांगणें बंद केलें त्याचेंही भलें चिंतणें बंद करतां येत नाहीं. कुटुंबांत, मंडळांत, संस्थेंत ज्यांचीं मनें एकदां विटलीं आहेत त्यांनीं हें प्रकरण पुन्हां पुन्हां वाचावें.

५

आतां ग्रंथाच्या उणीवांकडे वळलें पाहिजे. स्तुतीनें पुस्तकाचें मोल वाढत नाहीं, आणि एल्रेडच्याच नियमाप्रमाणें मित्राचा दोष न सांगणारा मित्र नव्हे.

पहिली अडचण अधिकाराची. मित्र आहे म्हणून कोणाला पद देऊं नये, असें एल्रेड ठामपणें सांगतो. त्याचा दाखलाही मार्मिक आहे: येशूचें विशेष प्रेम योहानावर होतें, पण किल्ल्या पेत्राच्या हातीं दिल्या. प्रेम योहानाला, जबाबदारी पेत्राला. परंतु ह्याच तिसऱ्या भागाच्या शेवटीं तो आपल्या दोन मित्रांच्या कथा सांगतो. पहिला तरुणपणींच वारला. दुसऱ्याला त्यानें लहानपणापासून जवळ केलें, वाढविलें, आणि पुढें मठांतील तिसऱ्या दर्जाचा अधिकार त्याच्यावर सोंपविला! त्या मित्राची इच्छा नव्हती, त्यानें नाना प्रकारें नकार दिला, हें एल्रेड आवर्जून सांगतो; आणि तो मित्र आपली म्हातारपणची काठी झाला हेंही सांगतो. हें सर्व खरें असेल. तरीसुद्धां नियम आणि वर्तन ह्यांत येथें फट आहे, आणि ती ह्या वेळीं कोणी शिष्य बोलून दाखवीत नाहीं. तापट मित्राविषयीं बोलणारे वॉल्टर आणि ग्रेशियन येथें गप्प कां? बहुधा ते मित्राच्या पदोन्नतीपेक्षां त्याच्या नम्रतेकडे पाहून भारावले असावेत. वाचकानें मात्र भारावून जाऊं नये. लायक माणूस आणि आवडता माणूस एकच निघाला, कीं नेमणूक करणाऱ्यानें अधिक सावध व्हावयाचें असतें.

दुसरी अडचण जागेची. एके दिवशीं मठाच्या ओवरींतून फिरतांना, सभोवार बसलेल्या बंधूंत ज्याच्यावर आपलें प्रेम नाहीं किंवा ज्याचें आपल्यावर नाहीं असा एकही दिसला नाहीं, आणि मनाला अपार आनंद झाला, असें एल्रेड एका ठिकाणीं सांगतो. ग्रेशियन लगेच विचारतो, कीं ह्या सर्वांना आपण मित्र म्हणून स्वीकारिलें असें समजावें काय? नाहीं, असें उत्तर येतें. पुष्कळांवर प्रेम असतें, पण मनाचीं गुपितें थोड्यांनाच सांगतां येतात. उत्तर प्रामाणिक आहे. पण त्या ओवरींत नसणारे कितीतरी होते. श्रमिक बंधु शेतावर, मेंढ्यांच्या गोठ्यांत, गिरण्यांवर राबत होते. देवळांतही त्यांची बसण्याची जागा वेगळी. ज्या फुरसतीच्या घटकेंत वॉल्टर आणि ग्रेशियन सख्याचा काथ्याकूट करीत होते, ती घटका त्या इतरांच्या घामानें विकत घेतलेली होती. त्यांच्यांतही मैत्री असेल, कदाचित् अधिक कसलेली असेल. ग्रंथांत तिला शब्द नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक जड आहे. वॉटन येथील जोगिणींच्या मठांत एका तरुण जोगिणीचें पाऊल घसरलें, आणि तिच्या सहवासिनींनीं तिला व तिच्या प्रियकराला अत्यंत क्रूर शिक्षा केली. ह्या प्रकरणाचा वृत्तान्त लिहिणारा एल्रेडच आहे. कृत्याची नव्हे, पण त्यामागील धर्मनिष्ठेची तो प्रशंसा करितो. ज्या लेखणीनें तापट मित्रासाठीं इतकी क्षमा शोधून काढली, तिला त्या पोरीसाठीं मैत्रीचा एक शब्द सुचूं नये, ह्याचें वाचकाला दुःख होतें. अखेर तिच्यावर दैवी कृपा झाल्याची कथा तो सांगतो. म्हणजे देवानें क्षमा केली, एवढें तो मानतो. पण माणसांची क्षमा कोठें होती? ही कथा वगळून केवळ सख्याचा ग्रंथ वाचणें सोयीचें आहे; न्याय्य नाहीं. मैत्रीचा सर्वांत गोड गायक सुद्धां तिच्या कक्षेबाहेर कोणाला तरी ठेवतो, आणि बाहेर कोण राहिलें ह्यावरूनच त्या कक्षेची लांबीरुंदी मोजावी लागते.

६

मग हा ग्रंथ बाजूला ठेवावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्या उणीवा त्याच्याच मापानें दाखवितां येतात, ह्यांत त्याचा मोठेपणा आहे. मैत्रींत वरचा-खालचा नाहीं, हें माप त्यानेंच दिलें. तेव्हां श्रमिक बंधूंविषयीं आणि वॉटनच्या त्या अभागिनीविषयीं प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्यानेंच दिला.

शिवाय त्यानें लिहिलें तसें पुष्कळ अंशीं केलेंही. चरित्रकार सांगतो, कीं अखेरच्या वर्षांत संधिवातानें आणि मूतखड्यानें अंथरुणाला खिळलेल्या एल्रेडसाठीं एक लहानशी झोंपडी बांधली होती. तेथें रोज वीस-तीस बंधु जमत, त्याच्या बिछान्याभोंवतीं बसत, हवें तें बोलत, आणि लहान मूल आईपाशीं बडबडावें तसें बडबडत. कोणी त्यांना हांकलून देत नसे. एके दिवशीं एक दांडगट संन्यासी वेड्याच्या आवेशांत आंत शिरला, त्यानें ज्या चटईवर एल्रेड निजला होता ती धरून त्याच्यासकट शेकोटींत भिरकावली. तेथें असलेले बंधु त्याच्यावर तुटून पडले. तेव्हां त्या जर्जर म्हाताऱ्यानें त्यांनाच आवरलें. हा आजारी आहे, माझाच मुलगा आहे, असें म्हणून त्यानें त्याला जवळ घेतलें आणि शिक्षा होऊं दिली नाहीं. निवडीच्या यादींतून ज्यांना एल्रेडनें वगळलें होतें, त्या रागीटांचा हा शिरोमणि! मित्र म्हणून तो कधीं निवडला गेला नसता. पण प्रीति मैत्रीहून मोठी आहे, हें त्या शेकोटीपाशीं ठरलें. आणि मैत्रीनें शिकविलेलेंच सोसणें तेथें कामीं आलें.

विशेष मैत्रीनें संघाची एकी मोडते, ह्या जुन्या शंकेला एल्रेडचें उत्तर हेंच आहे असें आम्हांस वाटतें. दोन-चार माणसांशीं खरें बोलण्याची, त्यांचें खरें ऐकून घेण्याची संवय ज्याला लागली, त्यालाच बाकीच्यांवरही खरें प्रेम करतां येतें. जो कोणाचाच मित्र नाहीं, तो सर्वांचा बंधु असल्याचें सांगतो तेव्हां त्याच्या बंधुत्वाला अजून परीक्षा लागलेली नसते. तट पडतात ते मैत्रीनें नव्हे. जिला टीका सोसत नाहीं, जिला तिसऱ्याची अडचण होते, अशा खोट्या मैत्रीनें.

रीव्होचा मठ १५३८ सालीं सरकारी हुकुमानें मोडला गेला. आज तेथें छप्पर नसलेल्या भिंती आणि उंच कमानी उभ्या आहेत, आणि प्रवासी त्या पाहावयास जातात. ग्रंथ मात्र शाबूत आहे. त्याचा शेवट एका प्रार्थनेच्या विचारानें होतो: मित्रासाठीं देवापाशीं मागतां मागतां मन मित्राकडून देवाकडे वळतें, आणि आज थोड्यांपुरतें असलेलें हें सख्य एक दिवस सर्वांना व्यापील. त्या दिवसाची वाट पाहतांना, मध्यंतरीं काय करावें, हें मात्र इव्होच्या कथेंत आहे. घोळक्यांत एक माणूस गप्प बसलेला आहे, त्याला कांहींतरी विचारावयाचें आहे. तें ओळखावें, त्याला बाजूला घ्यावें, आणि तो बोलूं लागला म्हणजे, आपल्याविरुद्ध बोलला तरी, ऐकून घ्यावें. गुरूनें एवढें केलें, तर अर्जुनाला क्षमा मागण्याचें कारण उरणार नाहीं.